वाईच द्या, लई नगं

"बाई, वाईच साखर द्या. लई नगं."

हे वाक्य झालं की मगच पदराखालची वाटी बाहेर यायची, आधी कधीच नाही. आधी चौकटीला डावा खांदा टेकवायचा, उजवा हात पदराआड ठेवायचा आणि इकडचंतिकडचं बोलायचं. नळाला पाणी आलं का, शाळा आज लवकर कशी सुटली, खालच्या आळीतल्या म्हशीचं काय झालं. बोलणं आता संपलं, असं वाटून मी दार लोटायला हात पुढे केला की "वाईच" यायचंच. वेल्ह्याच्या शाळेत इंग्रजी शिकवत मी सहा वर्षं काढली. तेवढ्या वर्षांत या वाक्याविना माझा एकच पंधरवडा गेला, आणि त्याला मीच कारणीभूत होते. ते पुढे येईलच.

सगळे त्यांना आक्का म्हणत. त्यांचं नाव मला ठाऊक आहे, पण त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून मीही ते इथे घेत नाही. वय सत्तरीच्या आसपास, उंची बेताची, चालणं मात्र घाईचं. हिरव्या नाहीतर जांभळ्या काठाचं लुगडं, आणि हातात कधीही न दिसणारी ती वाटी. माझ्या दोन खोल्या एसटी स्टँडच्या मागच्या आळीत होत्या आणि भिंतीला भिंत लागून आक्कांचं घर. त्या मुलगा-सुनेबरोबर राहत. मुलगा टेम्पो चालवायचा, सून शिवणकाम करायची. घरात खायला-प्यायला कमी नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर तुम्ही भलताच समज करून घ्याल, जसा मी करून घेतला होता.

तुमच्याही शेजारी असं कुणी असेल. कांदा, लसूण, आगपेटी मागणारं. आपण त्यांना हसतो, घरात आल्यावर नक्कल करतो, आणि त्या येताना दिसल्या की डबा आतल्या फळीवर सरकवतो. मीही सरकवला आहे. पण आक्कांच्या मागण्याला काही धरबंधच नव्हता. एकदा त्यांनी माझ्याकडे अर्धा कांदा मागितला. अख्खा देऊ केला तर घेतला नाही, "अर्धाच पायजे, अर्धा तुमाला ऱ्हाऊ द्या" म्हणाल्या. एकदा एकच सेफ्टीपिन. एकदा कढीपत्त्याची सात पानं, मोजून सात. एकदा मोबाईलचा चार्जर, आणि तो घेऊन जाताना "वाईच करंट द्या" असं म्हणाल्या.

सगळ्यात कमाल केली ती एका रविवारी. तोरण्यावर चढायला आलेल्या शहरातल्या पोरांनी मोटार नेमकी आक्कांच्या दारात आडवी लावली होती आणि पोरं गडावर निघून गेली होती. आक्का माझ्या दारात आल्या. खांदा चौकटीला टेकवला, उजवा हात पदराआड.

"बाई, वाईच इंग्रजी द्या."

"काय?"

"इंग्रजी वो. तुमच्याकडं लई हाय. ह्या पुठ्ठ्यावर ल्हेवून द्या, हितं गाडी लावू नगा म्हनून. मराठीत ल्हेवलं तर वाचत न्हाईत मुडदे."

पदराखालून त्या दिवशी वाटीऐवजी पुठ्ठा निघाला. मी ठळक अक्षरांत लिहून दिलं. संध्याकाळी त्या इंग्रजीच्या बदल्यात वाटीभर भाजलेले वाल आले.

कारण आक्कांची वाटी रिकामी परत येत नसे. आपल्याकडे ही रीत आहेच, आलेलं भांडं रिकामं धाडू नये. पण बहुतेक घरांत ती आता सणावारापुरती उरली आहे, चार साखरेचे दाणे टाकले की झालं. आक्का ती रोज पाळायच्या. साखर नेलेल्या वाटीतून करवंदं यायची. मीठ नेलेल्या वाटीतून ओल्या हळदीचं बोटभर कांड. विरजण नेलं तर दोन अंडी, एक पांढरं, एक तांबूस. नेलेलं आणि आणलेलं यांचा कधी मेळच बसायचा नाही. मी एकदा म्हटलं, "आक्का, चमचाभर साखरेला एवढी करवंदं?" तर त्या माझ्याकडे मी बावळट असल्यासारख्या बघत राहिल्या.

मला हे सारं आवडत नसे. ते का, यासाठी माझ्या घरचं थोडं सांगायला हवं.

मी भोरची. आमचं घर बौद्ध. माझे आजोबा भोर तालुक्यातल्या एका खेड्यात गावकीची कामं करत. निरोप पोचवायचे, मेलेली ढोरं ओढायची, आणि संध्याकाळी टोपलं घेऊन घरोघर भाकरी मागायला जायचं. खरं तर ती त्यांच्या कामाची मजुरी होती, पण देणारे भीक घालावी तशी घालायचे. माझे वडील तेव्हा लहान होते आणि टोपल्याची दुसरी कडी त्यांच्या हातात असायची. आजोबांनी धर्म बदलला त्या संध्याकाळी ते टोपलं त्यांनी चुलीत घातलं. आमच्या घराची गोष्ट तिथून सुरू होते असं वडील सांगत. त्याच्या आधीचं ते फारसं बोलत नसत.

वडील पुढे भोरला कचेरीत कारकून झाले. त्यांचा घरात एकच नियम होता. कुणाच्या दारात काही मागायला जायचं नाही. काडीसुद्धा नाही. एकदा पाहुणे बसलेले असताना साखर संपली, तर आईने सगळ्यांना बिनसाखरेचा चहा दिला आणि "यांना डॉक्टरांनी सांगितलंय" अशी थाप मारली. घरातल्या एकूण एक भांड्यावर वडिलांनी नाव घालून घेतलं होतं. ताट, वाटी, पळी, अगदी चहाच्या गाळणीच्या दांड्यावरसुद्धा. आपलं भांडं कुणाकडे राहायला नको आणि दुसऱ्याचं आपल्याकडे यायला नको. वेल्ह्याला नोकरी लागली तेव्हा आईने मला त्यातल्याच चार वाट्या दिल्या. वडिलांनी एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश दिला आणि एवढंच म्हणाले, "कुणापुढं हात पसरायची पाळी येणार नाही असं राहा."

तशीच मी राहत होते. महिन्याचं सामान एक तारखेला भरायचे, प्रत्येक गोष्टीचा जास्तीचा एक पुडा ठेवायचे. आणि अशा घरात रोज संध्याकाळी एक बाई यायची आणि अगदी सहज हात पुढे करायची. त्यांना लाज वाटत नाही याची मला चीड यायची. खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा, पण ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

शाळेतही आक्कांची ख्याती होती. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, "बाई, तुमच्या शेजारणीच्या धंद्याला इंग्रजीत काय म्हणतात हो?" सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन मी शब्दकोश काढला. इंग्रजीत भीक मागण्याला साधा शब्द आहे, पण हे भीक मागणं नव्हतं. बोलता बोलता, हसत खेळत, थोडंसं उपटणं होतं. त्याला त्या भाषेत बोलीतली कितीतरी क्रियापदं निघाली. एकात स्पंजासारखं शोषून घेणं होतं, एकात काही मिळेल म्हणून रेंगाळणं. शेवटी मला हवा तो सापडला, कॅज. गोड बोलून, परत देण्याचा विचार मनात नसताना, दुसऱ्याकडून काही मिळवणं. अगदी बरोबर, म्हटलं. शब्दाखाली बारीक अक्षरांत अजून बरंच काही लिहिलं होतं. ते मी वाचलं नाही.

मग मी जे केलं ते मला फार शहाणपणाचं वाटलं होतं. दिवाळीच्या आधी पगार झाला तेव्हा बाजारातून एक मोठी पिशवी भरली. दोन किलो साखर, चहा, मीठ, तेलाची पिशवी, आगपेट्यांचं पाकीट, सेफ्टीपिनांचं अख्खं पान. ती आक्कांच्या ओसरीवर नेऊन ठेवली आणि म्हटलं, "आक्का, हे दिवाळीचं. आता दोनतीन महिने तुम्हाला मागायला नको."

आक्का पिशवीकडे बघत राहिल्या. सून शिवणयंत्रावरून उठली आणि पुन्हा बसली.

"लई दिलंत बाई," आक्का म्हणाल्या.

पिशवी काही त्यांनी उघडली नाही.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही. मला आधी बरंच वाटलं. शांतपणे वह्या तपासल्या, संध्याकाळी दार लावून चहा प्यायले. पण आठवडा झाला आणि मी दार उघडं ठेवायला लागले. मग दारातच खुर्ची टाकून वह्या तपासायला लागले. आक्का समोरून जायच्या, मान हलवायच्या, पदराखाली हात असायचा, आणि वाटी दुसऱ्याच्या दारात जायची. माझ्या कढीपत्त्याला पुष्कळ पानं फुटली होती. करवंदांचा, वालाचा, हळदीचा काही मला दुष्काळ पडला नव्हता, बाजारात सगळं मिळत होतं. तरी संध्याकाळ झाली की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. शेजारी भिंतीपलीकडे त्यांच्या बांगड्या वाजत आणि मी हातातलं काम थांबवून ऐकत बसे.

दिवाळी होऊन गेल्यावर त्या एकदम दारात उभ्या राहिल्या. वाटी नव्हती. दोन्ही हातांत माझी पिशवी होती, जशी दिली तशी, गाठसुद्धा न सोडलेली.

"हे ठिवा तुमच्यापाशी," त्या म्हणाल्या. "मला लागंल तसं मागत जाईन."

मी हसायला लागले. त्या हसल्या नाहीत. मग मी त्यांना आत बोलावलं आणि जे तीन वर्षांत विचारलं नव्हतं ते विचारलं. "आक्का, घरात सगळं असताना तुम्ही मागता कशाला?"

त्या खाली भिंतीला टेकून बसल्या. म्हणाल्या, "मंग यायचं कशाला?"

माझ्या काही ध्यानात आलं नाही. तेव्हा त्यांनी मला गावाचं सांगितलं. त्यांचं गाव गुंजवणी नदीच्या धरणात गेलं. पन्नास-साठ उंबरे होते, ते कुठे कुठे फेकले गेले. दोनचार घरं वेल्ह्यात, काही गुंजवणे गावाच्या बाजूला, काही पार भाटघरच्या अंगाला. "मोबदला मिळाला, जागा मिळाली. घरं बांदली समद्यांनी, शिमिटाची. कुनाला काय कमी न्हाई बगा. आनि म्हनूनच कुनी कुनाकडं जात न्हाई. पयल्यांदा जायचो भेटाया, तर म्हनायचे, का वो आक्का, काय काम काडलं? काम कसलं! मंग म्या ठरीवलं, काम घिऊनच जायाचं. वाईच मीठ द्या म्हनायचं. मीठ मागाया आलीया म्हनल्यावर कुनी दार लावत न्हाई. बस म्हनतात, च्या टाकतात. वाटीतनं कायतरी द्यायला परत जायाचं, म्हंजी दोन खेपा झाल्या."

मला तेव्हा कुठे उलगडलं की दर गुरुवारी स्टँडवर दिसणाऱ्या आक्का एसटीने कुठे जातात. माझ्या कढीपत्त्याची सात पानं गुंजवण्याला सात घरी गेली होती. माझं विरजण भाटघरच्या कुणा म्हातारीकडे लागलं होतं. माझ्या वाटीत आलेलं हळदीचं कांड मी नाव न ऐकलेल्या कुणाच्या परसातलं होतं. आक्का एका घरचं दुसऱ्या घरी करत गावाला फेरी घालत होत्या.

"तुमी पिशवी दिली," त्या म्हणाल्या, "तवा मला वाटलं, बाई म्हनतात आता येऊ नगं."

"तसं नव्हतं आक्का."

"न्हाई, तुमचं मन चांगलंच हाय. पर बाई, एक सांगू का? तुमी मातुर कदी काय मागत न्हाई. तीन वरसं झाली. एकदा तरी दारात या, म्हना, आक्का, वाईच अमकं द्या. म्या वाट बगती."

त्यावर मी हसून वेळ मारून नेऊ शकले असते. नेली नाही. मी त्यांना टोपल्याचं सांगितलं. आजोबांचं, दुसऱ्या कडीला धरून चालणाऱ्या माझ्या वडिलांचं, चुलीत घातलेल्या टोपल्याचं. आणि रागाच्या भरात विचारलं, "तुमच्या गावातल्या वाट्या आमच्या वस्तीवर यायच्या का हो?"

आक्का हातातली बांगडी फिरवत राहिल्या.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "तिकडं न्हवती जात वाटी. तिकडनं मागाया यायचे, सांच्याला. आनि वरनं टाकायची भाकर. हाताला हात लागू नये म्हनून." थोडं थांबून म्हणाल्या, "म्या बी टाकलीया. नवी नवरी हुते, सासूनं सांगितलं तशी टाकली. एक बारकं पोरगं आसायचं बापासंगं, वर बगायचं."

ते पोरगं माझे वडील नव्हते. गाव वेगळं होतं, काळही थोडा पुढचा. हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. तरी त्या उठताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमी नगा मागू बाई. म्या येडी, बोलून गेले."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौकटीला खांदा टेकला. "बाई, वाईच साखर द्या, त्या पिशवीतली." मी वाटी भरली. पुढे त्यांनी मला मागायला कधीच सांगितलं नाही, पण वाटी घेऊन वळताना एक क्षण थांबायच्या. मला कळायचं कशासाठी ते. मी गप्प राहायचे आणि त्या निघून जायच्या.

त्याच आठवड्यात मी शब्दकोशातली ती बारीक अक्षरं वाचली. त्या शब्दाचा मूळ अर्थ भलताच होता. जुन्या काळी तिकडे खेड्यापाड्यांतून फिरणारे ओझेवाले असत. शेतावरची अंडी, लोणी, कोंबड्या गोळा करून ते बाजाराच्या गावाला न्यायचे आणि तिथल्या सुया-दोरे, बारीकसारीक जिनसा परत खेड्यात आणायचे. दारोदार जायचे म्हणून हळूहळू लोकांनी त्यांना उपरे ठरवलं, मग लुच्चे, आणि शेवटी ज्यांचं काम नेणं-आणणं होतं त्यांचं नाव फुकट मागणाऱ्यांना चिकटलं. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत हे सांगावं असं मनात होतं, पण तोवर सगळे तो विनोद विसरून गेले होते.

सहाव्या वर्षी माझी बदली झाली, भोंगवलीला. सामान टेम्पोत चढलं, टेम्पो अर्थात आक्कांच्या मुलाचाच. आक्का दारात आल्या. मी भांडी मोजली तर वाटी एक कमी, तीनच.

"ती माझ्यापाशी हाय," आक्का म्हणाल्या. "इरजान दिलंत ती. देत न्हाई. न्यायला या."

"येईन की. पुढच्या महिन्यात येते."

"आशी नगं. येऊन मागा, मंग देते."

त्या वाचायला शिकल्या नव्हत्या, पण वाटीवर घातलेलं नाव अंगठ्याने चाचपायच्या आणि ही बाईंच्या घरची म्हणून ओळखायच्या. वडिलांनी आयुष्यभर जपलेल्या भांड्यांतलं एक भांडं असं परक्या घरी राहिलं. मी ते राहू दिलं.

भोंगवली काही परमुलखात नाही. नसरापूरला गाडी बदलली की वेल्हे. पण आज परीक्षा, उद्या आईचं आजारपण, परवा आणखी काही. तुम्हाला हे नव्याने सांगायला नको. आक्का सुनेच्या मोबाईलवरून मिस्ड कॉल द्यायच्या, मी उलटा फोन करायचे. आळीतलं सगळं सांगून झालं की म्हणायच्या, "वाटी हाय बरं का." आणि मग जरा थांबून, "आनि?"

"आणि काही नाही आक्का. तब्येत सांभाळा."

एका पावसाळ्यात मी तापाने पडले. पंधरा दिवस तोंडाला चव नव्हती. आक्का कधी कधी मला नाचणीची आंबील द्यायच्या, ताकातली, वर लसणीची फोडणी घातलेली, तीच खावीशी वाटायला लागली. दुसरं काही नको वाटत होतं. मी फोन लावला. फोन आक्कांनीच उचलला. मी बोलायला लागले आणि त्यांना लगेच कळलं.

"आवाज का बसलाय बाई? ताप हाय?"

"थोडा होता. आता बरं आहे."

"काय खाल्लं का?"

"खाल्लं की."

"आनि?"

त्या वाट बघत होत्या. पलीकडून सुनेचं यंत्र थांबल्याचंही मला ऐकू आलं. आक्का, वाईच आंबील पाठवा, एवढंच म्हणायचं होतं. मुलाचा टेम्पो आठवड्यातून दोनदा भोंगवलीजवळ सारोळ्यापर्यंत येत होता, दोन दिवसांत डबा माझ्या दारात आला असता. ओठांवर आलेलं ते वाक्य मी गिळलं. डोळ्यांपुढे वडील आले, टोपल्याची कडी आली. कुणी वरून टाकणार नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी ते म्हणता आलं नाही.

"आणि काही नाही," मी म्हटलं.

"बरं," आक्का म्हणाल्या. "जपा."

तोच आमचा शेवटचा फोन. थंडी सुरू होता होता त्या गेल्या. झोपेतच गेल्या, कुणाकडून पाणीसुद्धा न मागता, असं त्यांच्या मुलाने मला सांगितलं. मला कळायला दहा दिवस लागले, कारण मिस्ड कॉल देणारं कुणी नव्हतं.

मी गेले तेव्हा आळी तशीच होती. माझ्या जुन्या खोल्यांना कुलूप होतं. आक्कांच्या दारात तो पुठ्ठा अजून टांगलेला होता, माझं इंग्रजी उन्हाने पिवळं पडलं होतं. सून बाहेर आली. तिने मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आम्ही दोघी रडलो. ओसरीवर दोन अनोळखी म्हाताऱ्या बसल्या होत्या. एक गुंजवण्याची, एक भाटघरची. बारा-पंधरा वर्षांत पहिल्यांदाच एकमेकींना भेटत होत्या असं सून म्हणाली. मी उठले, चप्पल घातली, आणि सुनेने वाटीचं नावही काढलं नाही.

ती मला दिसत होती. आतल्या फळीवर, पालथी, चिंचेने घासून लख्ख केलेली.

मी चौकटीपाशी थांबले. सूनही थांबली. मग ओशाळून म्हणाली, "बाई, आत्या सांगून गेल्यात. बाईंची वाटी आपनहून द्यायची न्हाई. मागितली तवाच द्यायची."

ओसरीवरच्या दोघी माझ्याकडे बघत होत्या. माझा खांदा चौकटीला टेकला. टेकवायचा असं ठरवलं नव्हतं.

"वाईच," मी म्हटलं. पुढचं सुचेना. घरात काय असेल, काय मागावं, मला मागायची सवयच नव्हती. "वाईच तांदूळ द्या. लई नको."

सुनेने वाटी उतरवली, आत गेली आणि भरून आणली. नव्या भाताचे तांदूळ होते, आंबेमोहोर. मी दोन्ही हात पुढे केले. तिने वाटी वरून सोडली नाही. माझ्या हातांखाली आपला एक हात धरला, वाटी नीट टेकली तरी तो काढला नाही, आणि आम्ही तशाच जरा वेळ उभ्या राहिलो.

माझ्या आजोबांनी टोपलं जाळल्यापासून आमच्या घरातलं कुणी पहिल्यांदाच कुणाच्या दारात काही मागितलं होतं. जिला ते ऐकायचं होतं ती तेवढी घरात नव्हती.

परतीच्या गाडीला गर्दी होती. खिडकीपाशी जागा मिळाली. तांदूळ सांडू नयेत म्हणून वाटी मांडीवर घट्ट धरली होती आणि वर पदर घेतला होता. नसरापूरपर्यंत मी अंगठ्याने त्या वाटीवरचं नाव चाचपत होते. शेजारची बाई दोनदा वाकून बघून गेली, आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "काय नेताय वो ताई, पदराखाली?"

"तांदूळ," मी म्हटलं. "मागून आणलेत."